युद्धनौकेच्या लघुप्रतिकृतीचे रंगकाम आणि रंगांची सत्यता : ‘यूएसएस मिसूरी’ (१९४५) या नौकेच्या संदर्भात

सारांश

युद्धनौकेची लघुप्रतिकृती हे इतिहासाचे त्रिमितीय दस्तऐवजीकरण असते. तिच्या आकारमानाइतकेच महत्त्व तिच्या रंगाला आहे. तथापि, रंग हा काळानुसार बदलणारा, छायाचित्रात फसविणारा आणि प्रमाणानुसार वेगळा भासणारा घटक असल्यामुळे त्याची सत्यता ठरविणे कठीण जाते. दुसऱ्या महायुद्धाची समाप्ती जिच्या डेकवर झाली त्या ‘यूएसएस मिसूरी’ या अमेरिकी युद्धनौकेच्या धडाचे उदाहरण घेऊन रंगनिश्चितीची साधने, त्यांच्या मर्यादा व प्रत्यक्ष रंगकामाची पद्धती यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजशब्द : लघुप्रतिकृती, युद्धनौका, छद्मावरण, रंगमापन, जलरेषा.

प्रस्तावना

जहाजाचे जे अंग पाण्यावर तरंगते आणि ज्याचा काही भाग पाण्याखाली असतो, त्या मुख्य अंगास ‘हल’ म्हणजेच जहाजाचे धड असे म्हणतात. प्रतिकृती पाहणाऱ्याची नजर सर्वप्रथम या धडावर पडते. तोफा, मनोरे, डोलकाठ्या यांतील बारकावे नंतर दिसतात. त्यामुळे धडाचा रंग चुकला तर उर्वरित काम कितीही काटेकोर असले तरी ती प्रतिकृती ज्या नौकेची म्हणून मांडली जाते, त्या नौकेची राहत नाही.

हा प्रश्न केवळ छंदापुरता मर्यादित नाही. बहुसंख्य युद्धनौका अखेर समुद्रतळाशी जातात किंवा भंगारात निघतात. मुंबईकरांना याचा अनुभव निकटचा आहे. १९६१ मध्ये भारतीय नौदलात दाखल झालेली व १९९७ मध्ये निवृत्त झालेली ‘आयएनएस विक्रांत’ ही विमानवाहू नौका २००१ ते २०१२ या काळात मुंबईत संग्रहालय म्हणून लोकांना पाहता येत होती. २०१४ मध्ये ती भंगारात काढण्यात आली. याउलट, मुंबईच्याच गोदीत सागवानी लाकडातून बांधलेली व १८१७ मध्ये जलावतरण झालेली ‘एचएमएस ट्रिंकोमाली’ इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही जतन केलेली आहे. जी नौका उरत नाही, तिच्याविषयी पुढील पिढीला सांगण्याचे काम छायाचित्रे, आराखडे आणि प्रतिकृती यांनाच करावे लागते. अशा वेळी प्रतिकृतीवरील चुकीचा रंग हे इतिहासाचे चुकीचे विधान ठरते.

‘मिसूरी’ ही नौका सुदैवाने शिल्लक आहे. परंतु नौका शिल्लक असणे म्हणजे तिचा रंग शिल्लक असणे नव्हे, हा मुद्दा याच उदाहरणातून अधिक स्पष्ट होतो.

नौकेचा रंगेतिहास

‘मिसूरी’चे जलावतरण २९ जानेवारी १९४४ रोजी न्यूयॉर्कच्या नौदल गोदीत झाले आणि ११ जून १९४४ रोजी ती सेवेत दाखल झाली. तिची एकूण लांबी सुमारे २७०.४ मीटर व कमाल रुंदी सुमारे ३३ मीटर आहे. १:३५० या प्रमाणात तिची प्रतिकृती सुमारे ७७.३ सेंटिमीटर लांब व ९.४ सेंटिमीटर रुंद होते.

सेवेत दाखल होताना या नौकेवर ‘मेझर ३२’ या प्रकारातील तुकड्यातुकड्यांची, कोनाकृती छद्मावरण-रचना होती. पहिल्या महायुद्धात १९१७ पासून ब्रिटनमध्ये चित्रकार नॉर्मन विल्किन्सन यांच्या पुढाकाराने प्रचारात आलेल्या ‘डॅझल’ पद्धतीशी तिचे नाते आहे. अशा रचनेचा हेतू नौका अदृश्य करणे हा नसतो. तिची दिशा, वेग व अंतर यांविषयी शत्रूच्या पाणबुडीचा अंदाज चुकावा, हा तिचा हेतू असतो. १९४५ मध्ये मात्र नौकेने ‘मेझर २२’ ही साधी, दोन पट्ट्यांची योजना धारण केली. या योजनेत धडाचा खालचा भाग गडद ‘नेव्ही ब्लू’ आणि त्यावरील सर्व उभे पृष्ठभाग फिकट ‘हेझ ग्रे’ असत. दुरून पाहता गडद पट्टा समुद्रात व फिकट भाग क्षितिजावरील आकाशात मिसळावा, अशी तिची कल्पना होती. २ सप्टेंबर १९४५ रोजी टोकियो उपसागरात जपानच्या शरणागतीच्या दस्तऐवजावर स्वाक्षऱ्या झाल्या, तेव्हा नौका याच योजनेत होती.

त्यानंतर नौकेने कोरियन युद्ध पाहिले. १९५५ मध्ये ती निवृत्त झाली, १९८६ मध्ये पुन्हा सेवेत आली, १९९१ च्या आखाती युद्धात सहभागी झाली व १९९२ मध्ये अखेरची निवृत्त झाली. १९९९ पासून ती पर्ल हार्बर येथे संग्रहालय म्हणून उभी आहे. संग्रहालयातील नौकेचे धड आज जलरेषेच्या वर एकसारखे करडे आहे. म्हणजेच, आजच्या नौकेची शेकडो स्पष्ट व रंगीत छायाचित्रे समोर ठेवून १९४५ ची प्रतिकृती रंगविल्यास गडद निळा पट्टाच नाहीसा होतो आणि शरणागतीच्या दिवसाची नौका चाळीस वर्षांनंतरच्या वेषात उभी राहते. नवशिक्या कारागिराची सर्वांत मोठी फसगत येथेच होते.

रंगनिश्चितीची साधने व त्यांच्या मर्यादा

१. अधिकृत सूचना व रंगपट्ट्या : अमेरिकी नौदलाने छद्मावरणविषयक सूचना ‘शिप्स-२’ या नावाने १९४१ पासून प्रसृत केल्या व वेळोवेळी सुधारल्या. त्यांत प्रत्येक रंगास संकेत दिलेला होता. ‘नेव्ही ब्लू’साठी ५-एन, ‘ओशन ग्रे’साठी ५-ओ आणि ‘हेझ ग्रे’साठी ५-एच हे संकेत होते. या रंगांची मांडणी मन्सेल पद्धतीतील जांभळट-निळ्या कुलात करण्यात आली होती. अमेरिकी चित्रकार व कलाशिक्षक अल्बर्ट मन्सेल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मांडलेल्या या पद्धतीत रंगाचे वर्णन तीन गुणांनी होते : रंगकुल, उजळपणा आणि रंगाची तीव्रता. ‘गडद निळसर करडा’ अशा शाब्दिक वर्णनातून दहा माणसे दहा रंग काढतील. तीन गुणांच्या अंकनातून मात्र एकच रंग निघतो. म्हणून मूळ रंगाचा मन्सेल अंक मिळाल्यास तोच प्रमाण मानावा.

तथापि, मूळ रंगपट्ट्याही निर्दोष राहत नाहीत. त्या काळच्या रंगांत तैल व अल्किड माध्यमांचा वापर असे. ही माध्यमे कालांतराने पिवळी पडतात. विशेष म्हणजे बंद, अंधाऱ्या फायलीत ती अधिक पिवळी पडू शकतात. निळसर करड्यावर पिवळेपणाची झाक चढली की तो हिरवट दिसू लागतो. जुन्या पट्टीशी तंतोतंत जुळविलेला रंग अशा प्रकारे मूळ रंगापासून दूर जातो.

२. नावांचे साम्य : ‘हेझ ग्रे’ हे नाव अमेरिकी नौदलात आजही प्रचलित आहे. परंतु आजचा ‘हेझ ग्रे’ हा ‘फेडरल स्टँडर्ड ५९५’ या संहितेत २६२७० या अंकाने नोंदविलेला करडा रंग आहे. त्या संहितेची पहिली आवृत्ती १९५६ ची, म्हणजे युद्धानंतरची आहे. १९४१-४५ च्या ५-एच मध्ये असलेली जांभळट-निळी झाक आजच्या रंगात नाही. बाटलीवरील नाव वाचून रंग विकत घेणाऱ्याने ते नाव कोणत्या वर्षाचे, याची खातरजमा करणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

३. वर्षातील बदल : युद्धाच्या अखेरीस निळ्या रंगद्रव्याचा तुटवडा भासू लागल्याने १९४५ च्या सूचनांत निळी झाक नसलेल्या करड्या रंगांची मालिका आली. असा बदल एका दिवसात होत नसतो. गोदीत व जहाजावर असलेला जुना साठा संपेपर्यंत तो वापरला जातो. प्रतिकृतीसाठी केवळ योजनेचे नाव पुरेसे नसून विशिष्ट दिनांक निश्चित करावा लागतो, तो यासाठीच.

४. छायाचित्रे : कृष्णधवल छायाचित्रावरून उजळपणाचा तुलनात्मक अंदाज येतो, रंगाचा येत नाही. त्यातही फिल्मचा प्रकार महत्त्वाचा असतो. ‘ऑर्थोक्रोमॅटिक’ फिल्म लाल प्रकाशास जवळजवळ संवेदनशून्य असते. तीवर तांबडा रंग काळा आणि निळा रंग प्रत्यक्षापेक्षा फिकट उमटतो. रंगीत चित्रण अधिक उपयुक्त असते आणि टोकियो उपसागरातील समारंभाचे असे चित्रण उपलब्ध आहे. परंतु सूर्याची स्थिती, ढगाळ हवा, समुद्राचे परावर्तन, प्रतीची झीज आणि संगणकीय प्रतिमेतील फेरफार हे सर्व त्यात मिसळलेले असते. म्हणून छायाचित्राचा उपयोग रंगाची छटा मोजण्यासाठी न करता रंगांच्या सीमारेषा, दुरुस्त्या व झीज यांच्या अभ्यासासाठी करणे इष्ट होय. छटा दस्तऐवजावरून आणि सीमा छायाचित्रावरून, असा सर्वसाधारण नियम सांगता येईल.

प्रमाणाचा रंगावरील परिणाम

मूळ नौकेचा अचूक रंग प्रतिकृतीवर जसाच्या तसा लावला तर तो बहुधा जास्त गडद वाटतो. १:३५० प्रमाणातील प्रतिकृती ५० सेंटिमीटर अंतरावरून पाहणे म्हणजे प्रत्यक्ष नौका १७५ मीटरवरून पाहणे होय. १:७०० प्रमाणात हेच अंतर ३५० मीटर होते. प्रत्यक्षात इतक्या अंतरावरील वस्तूचा रंग मधल्या हवेतील धूलिकण व बाष्प यांमुळे किंचित फिकट दिसतो. त्याशिवाय लहान पृष्ठभागावरील गडद रंग मोठ्या पृष्ठभागावरील त्याच रंगापेक्षा अधिक काळवंडलेला भासतो.

यावर उपाय म्हणून रंगात थोडा फिकट रंग मिसळतात. मात्र शुद्ध पांढरा मिसळल्यास ‘नेव्ही ब्लू’ खडूसारखा फिकट निळा होण्याचा धोका असतो. त्याऐवजी त्याच कुलातील फिकट करडा मिसळल्यास मूळची झाक टिकते. मिश्रणाचे प्रमाण सर्वांसाठी एकच सांगता येत नाही. लहान प्रमाणाच्या प्रतिकृतीस ते अधिक आणि मोठीस कमी लागते. दोन्ही रंगांत सारख्याच प्रमाणात फिकेपणा आणावा, अन्यथा गडद पट्टा व फिकट भाग यांतील मूळ विरोध बिघडतो. योजनेचा अर्थच त्या विरोधात असल्याने तो राखणे कोणत्याही एका छटेच्या अचूकतेपेक्षा महत्त्वाचे आहे.

धडावरील सीमारेषा

‘मेझर २२’ मधील सर्वाधिक आढळणारी चूक छटेची नसून रेषेची असते. अनेकदा गडद पट्टा डेकच्या कडेपर्यंत, कडेच्या वळणाबरोबर चढवीत नेला जातो. मूळ योजनेत मात्र गडद पट्ट्याची वरची सीमा मुख्य डेकच्या कडेच्या सर्वांत खालच्या बिंदूच्या पातळीवर असून ती जलरेषेस समांतर, म्हणजे पूर्णतः आडवी असते. ‘मिसूरी’च्या वर्गातील नौकांचा डेक नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, लक्षणीय उंचावत जातो. परिणामी आडव्या रेषेच्या वर, नाळेपाशी ‘हेझ ग्रे’ रंगाची एक पाचर दिसते. मागून पुढे रुंद होत जाणारी ही पाचर हेच या योजनेचे ओळखचिन्ह होय.

खाली जलरेषेपाशी काळा पट्टा असतो. त्यास ‘बूट-टॉपिंग’ म्हणतात. नौकेवरील इंधन व दारूगोळा यांच्या भारानुसार जलरेषा वरखाली होते आणि तेलाचा तवंग त्या भागावर डाग पाडतो. काळा रंग हे डाग झाकतो. त्याखालील भागावर समुद्री जीवांची वाढ रोखणारा तांबडा रंग असतो. ताम्रसंयुगांमुळे अशा रंगांस विटकरी-तपकिरी झाक येते. खेळण्यातील बोटीचा भडक लाल येथे सर्वथा अप्रस्तुत ठरतो.

प्रत्यक्ष रंगकामाची पद्धती

पूर्वतयारी : प्लॅस्टिकचे धड कोमट पाणी व सौम्य साबणाने धुऊन साच्याचा तेलकटपणा काढावा. सांध्यांत लांबी भरून ती वाळल्यावर बारीक वॉटर पेपरने पाण्याखाली घासावी. रंगाचा थर शक्य तितका पातळ असावा, कारण १:३५० प्रमाणात ०.१ मिलिमीटर जाडीचा थर प्रत्यक्षातील साडेतीन सेंटिमीटरइतका होतो. त्यानंतर फिकट करड्या प्रायमरचा हलका हात द्यावा. प्रायमरमुळे घासण्यातील दोष उघडे पडतात व वरचा रंग सर्वत्र सारखा बसतो.

रेषांकन : धड सपाट काचेवर, नाळ व मागचे टोक योग्य पातळीत ठेवून घट्ट बसवावे. ठोकळ्यावर ठरावीक उंचीला पेन्सिल आडवी बांधून तो ठोकळा काचेवरून धडाभोवती फिरवावा. पेन्सिलची उंची न बदलल्याने धडाचा आकार कसाही वळला तरी रेषा आडवीच उमटते. बूट-टॉपिंगच्या दोन कडा व गडद पट्ट्याची वरची सीमा, अशा तीनही रेषा याच साधनाने काढता येतात. हाताने किंवा लवचीक पट्टीने काढलेली रेषा नाळेच्या वळणावर हमखास चढते अथवा उतरते.

रंगक्रम : प्रथम बूट-टॉपिंगच्या जागी काळा रंग मारावा. तो पूर्ण वाळल्यावर पट्ट्याच्या रुंदीची मास्किंग टेप त्यावर लावावी. वरचा भाग झाकून खालचा तांबडा रंग द्यावा. नंतर तांबडा भाग झाकून वरच्या भागास ‘हेझ ग्रे’ द्यावा. शेवटी आडव्या सीमारेषेच्या वरील भाग झाकून ‘नेव्ही ब्लू’ मारावा. फिकट आधी व गडद नंतर, हा क्रम सोयीचा असतो. गडदावर फिकट झाकण्यासाठी थर वाढवावे लागतात. टेपच्या कडेखाली रंग झिरपू नये म्हणून कडेवर प्रथम खालच्याच रंगाचा पातळ फवारा मारून ती बंद करावी. टेप काढताना ती स्वतःवरच दुमडून, सावकाश ओढावी.

फवारणी : एअरब्रशने काम करताना रंग दुधाइतका पातळ करून साधारण १५ ते २० पीएसआय दाबाने, आठ-दहा सेंटिमीटर अंतरावरून अनेक पातळ थर द्यावेत. कोकण किनारपट्टीवर पावसाळ्यात हवेतील आर्द्रतेचा विचार अनिवार्य आहे. लॅकर प्रकारचा रंग दमट हवेत फवारल्यास विद्रावकाच्या बाष्पीभवनाने पृष्ठभाग थंड होतो, त्यावर आर्द्रता जमते आणि रंगावर पांढुरका थर येतो. गडद निळ्यावर हा दोष विशेष उठून दिसतो. अशा दिवशी काम पुढे ढकलावे अथवा सावकाश उडणारा विद्रावक वापरावा. एनॅमल रंगास टेप लावण्यापूर्वी किमान एक पूर्ण दिवस वाळू द्यावे. फवारणी हवेशीर जागी, योग्य मुखपट्टी लावूनच करावी.

रंगपरीक्षा : प्रत्येक मिश्रण धडावर मारण्यापूर्वी त्याच प्रायमरच्या चाचणीपट्टीवर मारून, वाळवून पाहावे, ओला रंग व वाळलेला रंग यांत फरक पडतो. परीक्षण सकाळच्या सावलीतील दिवसाच्या उजेडात व प्रतिकृती जेथे ठेवायची तेथील दिव्याखाली, असे दोन्ही ठिकाणी करावे. दोन निरनिराळ्या रंगद्रव्यांपासून बनविलेल्या छटा एका प्रकाशात जुळतात व दुसऱ्यात वेगळ्या दिसतात, ही बाब रंगविज्ञानात सुपरिचित आहे.

झीज, डाग आणि संयम

रंग अचूक झाल्यावर त्यावर गंजाचे ओघळ काढण्याचा मोह अनेकांना होतो. समुद्रावर महिनोन्‌महिने असलेल्या नौकेचा रंग उन्हाने फिका पडतो, साखळीच्या छिद्राखाली गंज उतरतो, बूट-टॉपिंगच्या वर मिठाचा पांढरट थर बसतो, हे खरे. परंतु ‘मिसूरी’ मे १९४५ पासून ॲडमिरल हॅल्सी यांची ध्वजनौका होती. अशा नौकेला जागोजागी गंजविणे म्हणजे एका चुकीच्या जागी दुसरी चूक आणणे होय. प्रत्येक डागासाठी छायाचित्राचा पुरावा असावा, हे पथ्य येथेही पाळावे.

एक खूण मात्र पुराव्यासह उपलब्ध आहे. ११ एप्रिल १९४५ रोजी ओकिनावाच्या परिसरात एक जपानी आत्मघाती विमान नौकेच्या उजव्या बाजूस, मुख्य डेकच्या खाली येऊन आदळले. नौकेची हानी किरकोळ झाली. पोलादी धडावर पडलेली पोच आजही पाहता येते. विमानचालकाचा मृतदेह नौकेवर सापडला. कॅप्टन विल्यम कॅलाहन यांच्या आदेशावरून दुसऱ्या दिवशी त्यास सैनिकी सन्मानाने जलसमाधी देण्यात आली. पाचच महिन्यांनी याच नौकेवर शरणागतीच्या स्वाक्षऱ्या झाल्या. नंतर धडावरचे रंग बदलत गेले, पोच मात्र राहिली. २ सप्टेंबर १९४५ ची प्रतिकृती घडविणाऱ्याने प्रायमरपूर्वी धडाच्या उजव्या बाजूस हा उथळ खळगा घासून दाखविला, तर ती प्रतिकृती नौकेच्या रूपाबरोबरच तिच्या वर्तनाचीही साक्ष देईल.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, युद्धनौकेस एकच ‘खरा’ रंग नसतो. विशिष्ट दिनांकाचा रंग असतो, म्हणून दिनांक आधी व रंग नंतर ठरवावा. दुसरा, छटेसाठी अधिकृत मापन आणि सीमांसाठी समकालीन छायाचित्रे हे साधनांचे विभाजन फसगत टाळते. तिसरा, प्रमाणानुसार रंग फिका करताना छटांमधील परस्परसंबंध कायम राखावा. चौथा, जतन केलेली नौका हा आकाराचा उत्तम पुरावा असला तरी रंगाचा पुरावा असेलच असे नाही.

याखेरीज प्रत्येक प्रतिकृतीसोबत एक छोटी रंगनोंद ठेवणे उपयुक्त ठरेल. नौकेचे नाव, चित्रित दिनांक, योजना, मूळ संकेत, वापरलेले मिश्रण आणि जेथे पर्यायांतून निवड करावी लागली तेथे त्या निवडीचे कारण, इतका तपशील त्यात पुरेसा आहे. अशी नोंद असल्यास नवा पुरावा मिळाल्यावर पुढील अभ्यासकास नेमके काय दुरुस्त करावयाचे ते कळते. महाविद्यालये, शाळा व नौदलप्रेमी मंडळे यांच्या कपाटांतील प्रतिकृतींना हा एक कागद जोडला गेला, तर त्या शोभेच्या वस्तू न राहता अभ्यासाची साधने होतील.